मोंतेहारला आलात तर ओब्दुलियाला विचारा

आमच्या मोंतेहारमध्ये चौकाभोवती खाण्यापिण्याच्या जागा तीन. बाहेरून आलेल्या माणसाने त्यांपैकी कुठे जेवायचं, हे बरीच वर्षं एकच बाई ठरवत होती. ती स्वतः त्यांतल्या एकाही ठिकाणी जेवत नव्हती. तिला ॲसिडिटी होती. घरी लसणीचं सूप आणि उकडलेला बटाटा खायचा आणि चौकात येऊन लोकांना वजडीबद्दल सल्ले द्यायचे, असा ओब्दुलियाचा दिनक्रम.

तिचा नवरा सेव्हेरिनो पोस्टमन होता. आयुष्यभर गावाची पत्रं वाटून तो एका मार्चमध्ये झोपेतच गेला. त्याच्या अंत्यविधीला धाकट्या भावाने, म्हणजे निकासियोने, सगळ्यांत मोठं पुष्पचक्र पाठवलं. त्यावरच्या जांभळ्या रिबिनीवर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, 'लाडक्या सेव्हेरियानोस'.

ओब्दुलियाने ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग चर्चमध्ये, पाद्री बोलत असतानाच, शेजारी बसलेल्या मला म्हणाली, "माकारियो, हा सेव्हेरियानो कोण?"

मी म्हटलं, "चूक झाली असेल गं."

"सख्ख्या भावाचं नाव चुकतं?"

त्या दिवसापासून निकासियो तिचा दीर राहिला नाही. त्याचं नावसुद्धा तिने टाकलं. त्याला ती 'तो वजडीवाला' म्हणायची, कारण त्याच्या बारमध्ये हरभरे घातलेल्या वजडीचा रस्सा मिळायचा आणि गाव त्यासाठी रविवारी रांग लावायचं. तो बिचारा वर्षभर "वहिनी, वहिनी" करत मागे फिरला. मग त्यानेही नाद सोडला.

घरात करमेना म्हणून ओब्दुलिया चौकातल्या तुतीखालच्या दगडी बाकावर येऊन बसायला लागली. बाकासमोर बसथांबा, आणि बाकाच्या मागे माझं हार्डवेअरचं दुकान. खिळे आणि नळाच्या तोट्या यांच्याबद्दल पर्यटक सल्ला मागत नाहीत, त्यामुळे या सगळ्या प्रकरणात मी तटस्थ होतो. गावात इतका तटस्थ माणूस दुसरा नव्हता.

एके दिवशी बसमधून एक फ्रेंच नवराबायको उतरले आणि बाकावर बसलेल्या पहिल्याच माणसाला त्यांनी विचारलं, "सेन्योरा, इथे चांगलं कुठे मिळेल खायला?"

समोर निकासियो पांढरा एप्रन लावून दारातच उभा होता. हसत होता. पाहुणे आपल्याकडेच येणार याची त्याला खात्री होती. ओब्दुलियाने त्याच्याकडे पाहिलं, मग हात लांब करून चौकाच्या दुसऱ्या टोकाच्या बारकडे बोट दाखवलं.

"एर्मिनियाकडे जा. क्रोकेत मागा. सांगा, ओब्दुलियाने पाठवलंय."

ते दोघं गेले. निकासियोचं हसू हळूहळू उतरलं. ओब्दुलियाच्या चेहऱ्यावर मात्र सेव्हेरिनो गेल्यानंतर पहिल्यांदा रंग आला. सत्तेची चव लागायला सिंहासन लागतंच असं नाही, दगडी बाकही पुरतो.

मग तिचा जमच बसला. सकाळची बस आली की केस विंचरून, कानात मोत्याच्या कुड्या घालून बाई हजर. आणि सल्ले कसे? एकदम ठाम. शंका नाही, 'बहुतेक' नाही. जो माणूस कधी काही चाखत नाही, त्यालाच इतकं ठाम राहणं जमतं.

"सेन्योरा, जेवण किती वाजता मिळेल?" एकदा एका जर्मन गृहस्थाने दुपारी बाराला विचारलं.

"आत्ता?" ओब्दुलियाने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आजारी आहात का?"

"नाही."

"मग तीन वाजता. तोवर व्हर्मुथ प्या. पाणी पिऊ नका, पाण्याबरोबर बशी मिळत नाही."

हे मात्र खरं होतं. आमच्या भागात व्हर्मुथ, म्हणजे मसाल्याची वाईन, किंवा कुठलीही दारू मागवली की ग्लासबरोबर खाण्याची एक बशी फुकट येते, आणि पाणी मागणाऱ्याकडे बारवाला कीव केल्यासारखं बघतो.

माणसांची तिने तीन गटांत वाटणी केली होती. आवडलेली माणसं एर्मिनियाकडे. न आवडलेली, म्हणजे चर्चमध्ये अर्ध्या चड्डीत शिरणारी, 'समुद्र किती लांब आहे' विचारणारी, आणि लग्न न करता एकाच खोलीत उतरणारी, बाल्दोमेरोकडे. बाल्दोमेरोची खाणावळ गुहेसारखी. तिथे वाईन पिंपातून मिळायची आणि माश्या ग्लासातून. निकासियोकडे मात्र कुणालाच पाठवायचं नाही. कुणी स्वतःहून तिकडे निघालंच तर बाकावरून हाक जायची, "अहो, तिथे नको! मागच्या महिन्यात एकाला तिथून उचलून न्यावं लागलं."

तेही खरं होतं. उचलून नेला तो बाल्दोमेरो. लॉटरीत त्याला काहीतरी लागलं होतं आणि तो निकासियोकडे येऊन चार माणसांची वाईन एकटा प्यायला होता.

"आणि संध्याकाळी काही करमणूक, सेन्योरा?"

"बँड आहे ना! गुरुवारी शाळेच्या आवारात तालीम असते. ट्राँबोनकडे लक्ष द्या."

ट्राँबोन तिचा भाचा वाजवायचा. वाजवायचा म्हणजे, त्याच्याकडे ट्राँबोन होता. पण ओब्दुलियाच्या सल्ल्यामुळे त्या तालमीला डच, इंग्रज आणि एकदा चक्क जपानी लोक येऊन बसले. ट्राँबोन शिंकला की टाळ्या वाजवायचे. पोराच्या डोक्यात हवा गेली आणि त्याने सुतारकाम सोडलं.

बारवाल्यांना गोष्ट कळायला वेळ लागला नाही. एर्मिनिया दर शनिवारी झाकलेली बशी पाठवायला लागली. बाल्दोमेरो वाईनची बाटली पाठवायचा. निकासियोनेही शरणागती पत्करली. वजडीचं झाकलेलं भांडं तो बाकावर आणून ठेवायचा आणि परत जायचा. ओब्दुलिया यातलं काहीच चाखायची नाही, आणि वजडीचं भांडं तर तसंच माझ्या दुकानात आणून द्यायची.

"घे, तुझ्या मांजराला घाल."

माझ्याकडे मांजर नव्हतं. ते तिला माहीत होतं, मलाही माहीत होतं. त्या वर्षांत माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

हे सगळं असंच चाललं असतं, पण एका उन्हाळ्यात पाठीवर पिशवी घेतलेली एक मुलगी आली. ओब्दुलियाने तिला क्रोकेत, व्हर्मुथ आणि ट्राँबोन असा पूर्ण सल्ला दिला. मुलीने तिचा फोटो काढला आणि इंटरनेटवर टाकला. खाली लिहिलं की, मोंतेहारला गेलात तर कुठलंही पुस्तक बघू नका, तुतीखालच्या आजीला विचारा, ती खोटं बोलत नाही.

पंधरवड्यात बाकासमोर रांग लागली. समुद्रकिनाऱ्यावरून खास बस यायला लागल्या. लोक विचारायचे, ओब्दुलिया बोट दाखवायची, आणि त्या बोटाचे फोटो निघायचे. काही जण जेवायलाही जायचे नाहीत. बोटाचा फोटो मिळाला की बसमध्ये चढायचे.

गर्दी दिसली की नगरपालिकेला जाग येते. आमचा पर्यटनाचा नगरसेवक बोर्खा हा महापौरांचा भाचा. माद्रिदला काहीतरी शिकून आला होता, आणि काय शिकला ते अजून कुणाला कळलेलं नव्हतं. तो एका सकाळी केसांना जेल लावून बाकासमोर उभा राहिला.

"सेन्योरा ओब्दुलिया, आपण मोंतेहारचा ठेवा आहात!"

"ठेवा जमिनीखाली असतो बाळा. मी अजून वर आहे."

"तसं नाही. आम्ही आपल्याला अधिकृत करणार. अधिकृत आतिथ्यदूत! सॅश मिळेल, छत्री मिळेल, आपला चेहरा छापलेलं माहितीपत्रक निघेल. फक्त एक छोटीशी अट आहे."

"कुठली?"

"निष्पक्षपणा. तिन्ही जागांची नावं घ्यायची, अक्षरांच्या क्रमाने. सगळ्यांची सारखी स्तुती."

ओब्दुलियाने त्या वेळी अटीकडे लक्षच दिलं नाही. तिचं लक्ष सॅशवर होतं. खांद्यावरून तिरपा घालायचा तो पट्टा हिरवा रेशमी, कडेला झालर. सेव्हेरिनोला चाळीस वर्षं पायपीट करून एक घड्याळ मिळालं होतं, तेही मागे पडणारं.

अक्षरक्रम जाहीर झाला आणि गावात धमाल उडाली. बाल्दोमेरो पहिला आला, कारण आमच्या स्पॅनिश वर्णमालेत 'अ'नंतर लगेच 'ब' येतो. निकासियो शेवटचा. आठवडाभरात निकासियोने पाटी रंगवून घेतली, 'आबुएलो निकासियो', म्हणजे निकासियो आजोबा. त्याला नातवंडं नव्हती, मुलं नव्हती, लग्नही झालं नव्हतं. ते पाहून एर्मिनियाने त्याच्याही वर जाण्यासाठी जागेचं नाव 'आबादेसा' करून टाकलं. आबादेसा म्हणजे जोगिणींच्या मठाची प्रमुख. तीनदा लग्न केलेल्या बाईने हे नाव घेतल्यावर पाद्रीबुवा स्वतः चालत तक्रार घेऊन गेले आणि, असं म्हणतात, जेवूनच परतले. बाल्दोमेरोने काही केलं नाही. त्याला वाटलं, पहिला नंबर मिळाला म्हणजे आता खाणावळ झाडायचीही गरज नाही.

आणि ओब्दुलिया? छत्रीखाली, सॅश लावून, ती आता पाठ केल्यासारखं म्हणायची, "आबादेसा उत्तम आहे, आबुएलो निकासियो उत्तम आहे, बाल्दोमेरो उत्तम आहे." पाहुणे म्हणायचे, "हो, पण तुम्ही कुठे जाल?" ती बोर्खाकडे बघायची. बोर्खा मान हलवायचा. ती म्हणायची, "तिन्ही उत्तम आहेत." पाहुण्यांचे चेहरे पडायचे. तिचा त्याहून जास्त.

मग बोर्खाच्या डोक्यातून ती कल्पना निघाली. जिल्ह्याच्या वर्तमानपत्राचा फोटोवाला बोलवायचा आणि ओब्दुलियाला तिन्ही ठिकाणी चव घेताना दाखवायचं.

"मी बाहेरचं खात नाही," ओब्दुलिया म्हणाली.

बोर्खा हसला. "गंमत करता! मग इतकी वर्षं लोकांना काय सांगत होता?"

ओब्दुलियाने सॅश नीट केली आणि गेली.

आम्ही अर्धं गाव मागून. आधी आबादेसा. एर्मिनियाने क्रोकेतची बशी आणली. दुधात शिजवलेल्या पिठात हॅम घालून तळलेल्या लांबट वड्या त्या. दिसायला सोन्यासारख्या. ओब्दुलियाने एक उचलली, कॅमेऱ्याकडे बघून चावली, आणि थांबली. बाहेरून जळजळीत, आतून जानेवारी. मधोमध बर्फाचा खडा. कारखान्यातली पिशवी फ्रिजरमधून काढून थेट तेलात सोडलेली. तिने तो घास गिळला, कारण कॅमेरा चालू होता.

"कसं आहे?" फोटोवाल्याने विचारलं.

"गार," ती म्हणाली. "म्हणजे, छान."

नंतर निकासियोकडे. सेव्हेरिनो गेल्यापासून तिने तो उंबरा ओलांडला नव्हता. निकासियोने कागदी टेबलक्लॉथ अंथरला, मातीच्या वाडग्यात वजडी आणली, बाजूला पाव ठेवला आणि दोन पावलं मागे सरकून उभा राहिला. तिने एक चमचा घेतला. मग दुसरा. फोटोवाला म्हणाला, "झालं, मिळाला फोटो." तिने ऐकलंच नाही. हरभरे संपले, वजडी संपली, शेवटी पावाच्या तुकड्याने तिने वाडगं इतकं पुसून काढलं की आतली चीर दिसायला लागली.

"कशी झालीय, वहिनी?" निकासियोने विचारलं.

"मीठ कमी आहे."

निकासियो वळला आणि कोरडा ग्लास फडक्याने पुसायला लागला. बराच वेळ तोच ग्लास.

शेवटी बाल्दोमेरो. तिथे सगळं तिला आधीपासून वाटत होतं तसंच निघालं, माश्यांसकट. तिन्ही जागांबद्दलचा तिचा तेवढा एकच अंदाज खरा.

त्या दिवशी तिला ॲसिडिटी झाली नाही. हा तिला सगळ्यांत मोठा अपमान वाटला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सॅश न लावताच माझ्या दुकानात आली आणि खिळ्यांच्या पेटीवर बसली.

"माकारियो, मी एवढी वर्षं लोकांना बर्फ खायला पाठवत होते."

"हो."

"तुला माहीत होतं?"

"सगळ्या गावाला माहीत आहे. एर्मिनियाच्या मागच्या दारी पिशव्यांचा ट्रक येतो."

"मग सांगितलं का नाहीस मला?"

"तू कधी विचारलंस? तू तर सांगत होतीस."

ती उठून गेली. मला वाटलं, प्रकरण संपलं. पण ऑगस्टमध्ये गावच्या संताची, सान रोकेची, जत्रा आली, आणि जत्रेच्या सुरुवातीचं भाषण यंदा आतिथ्यदूताने करायचं, असं नगरपालिकेने ठरवलं. भाषण बोर्खाने लिहून दिलं होतं. त्यात 'चवींचा इंद्रधनू' असा शब्दप्रयोग चार ठिकाणी होता.

संध्याकाळी उन्हं कलल्यावर सगळं गाव चौकात जमलं. नगरपालिकेच्या गच्चीत महापौर, पाद्री, बोर्खा आणि मध्ये हिरव्या सॅशमध्ये ओब्दुलिया. बँडने सलामी दिली. ट्राँबोन एकटाच थोडा पुढे निघून गेला. ओब्दुलियाने कागद उलगडला, चष्मा लावला, पहिली ओळ वाचली, आणि चष्मा काढला.

"हे मी नाही वाचणार," ती माइकवर म्हणाली. "हे चाखलेलं नाही मी. एर्मिनिया, तू कुठे आहेस? तुझे क्रोकेत पिशवीतले आहेत, आणि तुला ते नीट तळताही येत नाहीत."

चौकात असा हशा पिकला की तुतीवरची कबुतरं उडाली. एर्मिनिया पंखा आपटत पुढे आली.

"मला नावं ठेवतेस? बसच्या बस भरून माणसं पाठवलीस ती कुणी? तूच ना?"

"हो, मीच! त्यांतला एकही परत आला नाही, तेव्हा मला वाटलं, लांबचे लोक आहेत."

बोर्खा माइक काढून घ्यायला धावला. ओब्दुलियाने त्याला कोपराने बाजूला केलं. बाई अशक्त होती, पण कोपर पोस्टमनच्या बायकोचं होतं.

"बाल्दोमेरो, तू झाडू विकत घे. माकारियोकडे मिळतो." या जाहिरातीबद्दल मी तिचा कायमचा ऋणी आहे. "आणि भावजी…"

निकासियो आपल्या दारात उभा होता. किती वर्षांनी त्याला कुणी भावजी म्हटलं होतं.

"भावजी, तुमची वजडी चांगली आहे. माझ्या आईच्या हातचीसुद्धा इतकी चांगली नव्हती. पण तुमच्या भावाचं नाव सेव्हेरिनो होतं!"

"फुलवाल्याची चूक होती ती!" निकासियो तिथूनच ओरडला. त्याचा आवाज फाटला. "देवाशप्पथ, वहिनी! केव्हाचा सांगतोय!"

"मग फुलवाल्याशी का नाही भांडलात? ते चक्र तसंच का ठेवू दिलंत पेटीवर?"

निकासियोने एप्रनला हात पुसले. "रडत होतो," तो म्हणाला. "वाचलंच नाही मी."

ओब्दुलियाने नाक पुसलं, माइककडे वळली आणि म्हणाली, "जत्रा सुरू झाली. जा, नाचा." आणि खाली उतरली. बँडला काय करावं कळेना, म्हणून त्यांनी पुन्हा सलामी वाजवली.

पुढे काय झालं ते सांगतो. एर्मिनियाने तिच्याशी आणि हसलेल्या सगळ्यांशी, म्हणजे जवळजवळ सगळ्या गावाशी, बोलणं टाकलं. पण बार चालायला गिऱ्हाईक लागतं, त्यामुळे सप्टेंबरपर्यंत बोलणं परत सुरू झालं. पिशव्यांचा ट्रक अजून येतो, फक्त आता अंधार पडल्यावर येतो. पाहुण्यांना त्यातलं काहीच कळलं नाही. ते अजूनही फोटो काढून म्हणतात, काय अस्सल आहे! बोर्खाने माहितीपत्रकं मागे घेतली आणि बाकाशेजारी खांबावर एक इलेक्ट्रॉनिक पडदा बसवला. बोटाने दाबलं की तो तिन्ही ठिकाणांना पाच पाच तारे देतो. ऑगस्टच्या उन्हात त्यावर काहीही दिसत नाही, त्यामुळे तो पूर्णपणे निष्पक्ष आहे. याबद्दल नगरपालिकेला प्रांताचं बक्षीस मिळालं. बोर्खा आता जिल्ह्याच्या ठिकाणी, आणखी मोठ्या खुर्चीवर आहे.

ट्राँबोनवाला भाचा प्रेक्षक आटल्यावर निमूटपणे सुतारकामाला परतला. हिरव्या सॅशने ओब्दुलियाने परसातली टोमॅटोची रोपं काठीला बांधली आहेत.

आणि ती स्वतः रोज तीन वाजता निकासियोच्या कोपऱ्यातल्या टेबलावर असते. दीर-भावजयीचं प्रेम ओसंडून वाहतंय असं कुणी समजू नये. रोज भांडण.

"मसूर कच्चे आहेत, भावजी."

"काल जास्त शिजले म्हणालात, वहिनी."

"काल जास्तच शिजले होते."

माझंही जेवण आता तिथेच असतं. मांजराची सोय बंद झाल्यापासून मला पर्याय राहिला नाही.

परवाच्या रविवारची गोष्ट. वजडीचा दिवस. जेवणं निम्मी झाली होती. दारात एक उंच, लालबुंद झालेलं डच जोडपं येऊन उभं राहिलं. हातात फोन, त्यावर ओब्दुलियाचा जुना फोटो. त्यांनी फोटो पाहिला, तिच्याकडे पाहिलं आणि आनंदाने ओरडलेच.

"सेन्योरा! कुठे जेवायचं?"

निकासियोने दोन खुर्च्या ओढल्याही. ओब्दुलियाने चमचा खाली ठेवला आणि खिडकीतून बाहेर थांबलेल्या बसकडे बोट केलं.

"पुढच्या गावी. अर्धा तास लागतो. तिथे फार छान मिळतं."

"इथे नको?"

"इथे?" तिने पोट धरून मान हलवली. "माझी ही अवस्था बघताय ना?"

जोडपं मागच्या मागे फिरलं. निकासियोचा चेहरा टोमॅटोसारखा झाला. "वहिनी! अहो, आता तर आपलं मिटलंय ना? माझं गिऱ्हाईक का हाकलता?"

"भांड्यात दोनच वाडग्यांपुरती वजडी उरलीय," ती म्हणाली. "मघाशी पाहिलंय मी. एक मला लागणार, एक माकारियोला. तुम्हाला गर्दी हवी असेल तर जास्त शिजवत जा."

निकासियो "थांबा, थांबा!" करत एप्रनसकट चौकात धावला. हातात पळी तशीच होती. पळी उगारून धावत येणारा माणूस पाहून डच जोडप्याने मागे वळून न बघता बस गाठली. दार बंद झालं, बस सुटली. तोवर ओब्दुलिया उठून आत गेली होती आणि स्वतःच्या हाताने वाढून घेत होती.